योहान केप्लर, पृथ्वीची वाट शोधणारा

इ. स. १५७७ च्या हिवाळ्यात आकाशात एक मोठे शेंडेनक्षत्र दिसू लागले. जर्मनी देशाच्या दक्षिण भागी वुर्टेंबर्ग प्रांत आहे. तेथील लिओनबर्ग गावची एक बाई आपल्या लहान मुलास हाताशी धरून एका उंच जागी गेली आणि तिने त्यास ते नक्षत्र दाखविले. मूल तेव्हा सहाव्या वर्षात होते. बाईचे नाव काथारिना. ती एका खाणावळवाल्याची मुलगी असून शाळा अशी शिकली नव्हती. परंतु झाडपाल्याची माहिती तिला पुष्कळ होती, आणि शेजारीपाजारी कोणी आजारी पडले म्हणजे ती काढा करून देत असे. पुढे १५८० साली मुलाच्या बापाने त्यास रात्री घराबाहेर बोलावून चंद्रग्रहण दाखविले. तांबूस झालेला तो चंद्र आणि ते शेंडेनक्षत्र ही दोन्ही त्या मुलाच्या जन्मभर ध्यानात राहिली.

हा मुलगा म्हणजे योहान केप्लर. आपली पृथ्वी सूर्याभोवती कोणत्या वाटेने व कोणत्या गतीने फिरते हे बरोबर सांगणारा पहिला मनुष्य तो हाच. आणि ज्या आईने त्यास आकाश दाखविले तिच्यावर म्हातारपणी चेटकीण म्हणून खटला झाला, तेव्हा तिच्या बाजूस उभा राहिला तोही हाच. ह्या दोन गोष्टी एकमेकींहून निराळ्या आहेत असे आम्हांस वाटत नाही, म्हणून आम्ही त्या एकाच लेखात सांगत आहो.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी व्हाइल देर श्टाट ह्या लहानशा नगरात झाला. दिवस पुरे भरण्यापूर्वीच जन्मल्यामुळे तो अशक्त होता. त्याचा बाप पगारी शिपाई; जो राजा पैसे देईल त्याच्या लढाईवर जाणारा. केप्लर सतरा वर्षांचा असता तो असाच निघून गेला तो पुन्हा घरी आला नाही. लहानपणी केप्लरास देवी आल्या. त्यांतून तो वाचला, परंतु त्याची दृष्टी कायमची अधू झाली व हातांतही व्यंग राहिले. आकाशाचा अभ्यास करणाऱ्याचे डोळेच अधू असावे ही नवलाची गोष्ट खरी. पण त्याचे काम डोळ्यांपेक्षा गणिताचे अधिक होते, हे पुढे दिसेल.

वुर्टेंबर्गच्या राज्यात गरिबांच्या हुशार मुलांस पाळकाच्या कामासाठी सरकारी खर्चाने शिकविण्याची सोय होती. तिचा लाभ मिळून केप्लर १५८९ मध्ये ट्युबिंगन येथील विद्यापीठात दाखल झाला. तेथे मेस्टलिन नावाचा गणिताचा अध्यापक होता. पृथ्वी स्थिर असून सूर्य व सर्व ग्रह तिच्याभोवती फिरतात असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत. कोपर्निकस नावाच्या विद्वानाने १५४३ साली ग्रंथ छापून सांगितले होते की, सूर्य मध्ये आहे व पृथ्वी हीच त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रह आहे. मेस्टलिनाने हे मत केप्लरास समजावून दिले आणि ते त्याच्या मनात पक्के बसले. तरी त्याची इच्छा पाळक होण्याचीच होती. ईश्वरविज्ञानाचा अभ्यास संपावयाच्या आधीच, १५९४ मध्ये, वरिष्ठांनी त्यास ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरी गणिताचा शिक्षक म्हणून पाठविले. त्यास फार वाईट वाटले. पुढे मात्र त्याची समजूत अशी झाली की, देवाने निर्माण केलेल्या आकाशाचा नियम शोधणे हीही त्याची सेवाच होय.

ग्राट्स येथे दरसाल पंचांग तयार करणे हे त्याच्याकडे होते आणि त्यात भविष्यही सांगावे लागे. त्याने एके वर्षी कडक थंडीचे व तुर्कांच्या स्वारीचे भविष्य लिहिले. ते खरे ठरले, व लोकांत त्याचे नाव झाले. केप्लर ज्योतिषाच्या बहुतेक प्रकारांस हसत असे, परंतु ग्रहांचा मनुष्यावर काही परिणाम होतो हे त्याने पुरते कधी सोडले नाही, व पोटासाठी कुंडल्याही मांडल्या. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याच्या चुका झाकू नयेत असे आमचे मत आहे. त्याचा १५९६ सालचा पहिला ग्रंथही अशाच एका सुंदर चुकीवर उभा होता. घनासारख्या पाच नियमित आकृती एकीत एक बसविल्या म्हणजे ग्रहांची अंतरे मिळतात, असे त्यास वाटले. ते खरे नाही. पण ग्रह अमुकच अंतरावर का, अमुकच गतीने का, हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते तो त्याने विचारला.

इतक्यात ग्राट्सच्या रोमन कॅथलिक राजाने लूथरन शिक्षकांस व पाळकांस राज्याबाहेर घालविण्याचा हुकूम काढला. धर्म बदलावा नाहीतर जावे, असा प्रश्न पडला. केप्लरने धर्म बदलला नाही. १६०० साली बायकोस घेऊन तो बोहेमियात प्राग शहरी गेला. तेथे टायको ब्राहे हा डेन्मार्कचा सरदार बादशहाचा ज्योतिषी म्हणून नुकताच आला होता. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वीचा तो काळ. टायकोने एका बेटावर मोठमोठी यंत्रे उभारून सुमारे २० वर्षे नुसत्या डोळ्यांनी ग्रहांच्या जागा मोजल्या होत्या, व त्या इतक्या बारकाईने की तशा पूर्वी कोणी मोजल्या नव्हत्या. टायको १६०१ मध्ये वारला. बादशहा दुसरा रुडॉल्फ ह्याने केप्लरास त्याच्या जागी नेमिले. अशा रीतीने अधू दृष्टीच्या केप्लरास दुसऱ्याचे तीक्ष्ण डोळे मिळाले.

त्याच्या वाट्यास मंगळ हा तांबडा ग्रह आला होता. मंगळ कोणत्या वाटेने फिरतो? दोन हजार वर्षे सर्व विद्वान समजत होते की, आकाशातील वाट वर्तुळाचीच असली पाहिजे, कारण वर्तुळ हे सर्वांत पूर्ण. केप्लरही तसेच समजून चालला. कित्येक वर्षे हिशेब करून त्याने एक वर्तुळ बसविले. ते टायकोच्या मापांशी जवळजवळ जुळले. फरक राहिला तो ८ कलांचा. एका अंशाचे ६० भाग केले तर त्यांतील एका भागास कला म्हणतात. पुनवेचा चंद्र आकाशात सुमारे ३० कला रुंद दिसतो. म्हणजे हा फरक चंद्रबिंबाच्या चतुर्थांशाएवढा. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता आणि कोणी त्यास दोषही दिला नसता. परंतु केप्लरास टायकोची मापे ठाऊक होती. इतकी मोठी चूक टायकोच्या हातून व्हावयाची नाही, तेव्हा चूक आपल्या वर्तुळात आहे, असे ठरवून त्याने इतक्या वर्षांचा हिशेब बाजूस सारिला व पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.

मंगळ आपण पृथ्वीवरून पाहतो, आणि पृथ्वी तर स्वतः चालते आहे. चालत्या गाडीतून दुसरी चालती गाडी पाहणाऱ्यास प्रथम आपल्या गाडीची चाल ठाऊक पाहिजे. ती त्याने अशी काढिली. मंगळाची सूर्याभोवती एक फेरी ६८७ दिवसांत होते. म्हणून आज मंगळ जेथे आहे तेथेच तो ६८७ दिवसांनी पुन्हा येणार. परंतु तितक्या दिवसांत पृथ्वीच्या दोन फेऱ्या पुऱ्या होत नाहीत, सुमारे ४३ दिवस कमी पडतात, म्हणून ती निराळ्या जागी असते. माळावर एकच झाड उभे आहे, आणि आपण वेगवेगळ्या जागी उभे राहून ते झाड कोणत्या दिशेस दिसते हे पाहिले, तर त्यावरून आपण कोठे उभे आहो हे काढिता येते. केप्लरने मंगळास असे झाड केले. ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेली टायकोची मापे निवडून त्याने पृथ्वीच्या एकेक जागेची खूण केली, आणि आपल्या पायाखालच्या पृथ्वीची वाट मंगळाच्या साहाय्याने आखिली.

तेव्हा दिसून आले की, सूर्य पृथ्वीच्या वाटेच्या बरोबर मध्यभागी नाही, व पृथ्वीही सदा सारख्या गतीने चालत नाही. सूर्याजवळ असता ती वेगाने जाते, दूर असता हळू. आणि मंगळाची वाट १६०५ मध्ये शेवटी उलगडली, ती वर्तुळ नसून लंबवर्तुळ निघाली. १६०९ साली हे सर्व ग्रंथरूपाने छापून निघाले.

लंबवर्तुळ म्हणजे काय हे शाळेच्या अंगणात मुलांस सहज दाखविता येते. जमिनीत दोन खिळे ठोकावे, त्यांभोवती दोरीचा सैल फास टाकावा, आणि काडीने फास ताणून धरून काडी भोवती फिरवावी. जी आकृती उमटते ती लंबवर्तुळ. सूर्य ह्या दोन खिळ्यांपैकी एकावर असतो. दुसऱ्यावर काहीच नाही. खिळे दूर नेले तर आकृती लांबट होते, जवळ आणिले तर वर्तुळासारखी. पृथ्वीची वाट एक मीटर लांबीची काढावयाची असेल तर खिळ्यांत पावणेदोन सेंटिमीटरांहूनही थोडे कमी, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढे, अंतर ठेवावे. अशी आकृती आडवी व उभी मोजून पाहिली तर मिलिमीटरचा सातवा हिस्साही फरक येत नाही म्हटले तरी चालेल, वर्तुळच वाटेल. मंगळासाठी खिळे सुमारे ९ सेंटिमीटर दूर लागतात, आणि तरीही आकृतीची रुंदी लांबीहून ४ मिलिमीटरच कमी भरते. एवढ्याशा फरकासाठी केप्लरने ती वर्षे घातली. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून पाहावा. काडी सरळ उभी धरिली नाही तर आकृती बिघडते, हे आम्ही स्वतः करून पाहिले आहे.

येथे एक सामान्य चूक सांगून ठेवितो. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो म्हणून ऊन तापते असे पुष्कळ मुले सांगतात, आणि मोठी माणसेही. खरे पाहता पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभी, आपण शेकोटीजवळ बसतो तेव्हा. त्या वेळी अंतर सुमारे १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटर असते, व जुलैच्या आरंभी सुमारे १५ कोटी २१ लक्ष. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून. त्यामुळे आपला उत्तरेकडील भाग सहा महिने सूर्याकडे झुकलेला व सहा महिने त्याजपासून कललेला असतो. मात्र ते सहा सहा महिने अगदी सारखे नाहीत. २० मार्चच्या सुमारास दिवस व रात्र सारखी होतात, आणि पुन्हा २२ सप्टेंबरच्या सुमारास. भिंतीवरील दिनदर्शिकेत मोजले तर पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत १८६ दिवस भरतात, व तेथून पुढील मार्चपर्यंत १७९ च. सात दिवसांचा हा फरक कोठून आला? थंडीच्या दिवसांत पृथ्वी सूर्याजवळ असते म्हणून ती अधिक वेगाने चालते आणि आपली अर्धी वाट लवकर संपविते. केप्लरने सांगितलेली गोष्ट अशी घरबसल्या पडताळता येते.

त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने समुद्राच्या भरतीचे कारणही चंद्राच्या ओढीत आहे असे लिहिले. अमावास्येस व पौर्णिमेस उधाण येते हे किनाऱ्यावरील कोळ्यांस सर्वत्र ठाऊक असते. पण गॅलिलिओसारख्या मोठ्या विद्वानाने पुढे ह्या मतास नावे ठेविली. ह्या बाबतीत केप्लर खरा ठरला. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिल्याचे जाहीर केले तेव्हा पुष्कळांनी त्यास खोटे ठरविले. केप्लरने मात्र लगेच त्याची बाजू घेतली होती.

१६११ हे वर्ष त्यास फार कठीण गेले. सहा वर्षांचा मुलगा देवीने गेला, पत्नी बार्बरा तापाने गेली, आणि बादशहासही गादी सोडावी लागली. दुसऱ्या वर्षी केप्लर ऑस्ट्रियातील लिंझ शहरी गेला. तेथे निराळेच दुःख वाट पाहत होते. ख्रिस्ताचे शरीर सर्व ठिकाणी उपस्थित आहे अशा अर्थाचे एक कलम लूथरन मंडळीच्या मतपत्रात होते. केप्लरास ते पटत नव्हते, व कॅल्व्हिनच्या अनुयायांस सरसकट दोषी ठरविणेही त्यास पसंत नव्हते. मनात एक ठेवून कागदावर सही करणे त्याच्याने होईना. तेथल्या पाळकाने त्यास प्रभुभोजनास येऊ दिले नाही. त्याने श्टुटगार्ट येथील वरिष्ठांकडे दाद मागितली; त्यांनीही पाळकाचेच म्हणणे उचलून धरिले. रोमन कॅथलिकांनी ज्यास लूथरन म्हणून घालविले, त्यास लूथरन लोकांनी मेजापासून दूर ठेविले. आम्ही स्वतः पाळक आहो, आणि मंडळीची शिस्त राखणे म्हणजे काय हे जाणतो. तरी चरित्राचा हा भाग लिहिताना आमचे मन स्वस्थ राहत नाही. केप्लरने मंडळी सोडली नाही, व सहीही केली नाही.

आता त्याच्या आईची गोष्ट. १६१५ साली लिओनबर्ग येथे एका काचकाम करणाऱ्याच्या बायकोने असा आरोप केला की, काथारिनाने काही वर्षांपूर्वी आपणांस एक पेय दिले व तेव्हापासून आपण आजारी आहो. असा शब्द एकदा निघाला म्हणजे गाव कसे वागते, हे खेड्यात राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. मग प्रत्येकास काही ना काही आठवू लागले. एका शाळामास्तराचे पाय गेले होते, ते तिच्या पेल्याने. वाटेने जाताना एका मुलीचा हात दुखू लागला, तो तिच्या स्पर्शाने. कोणाचे गुरू मेले, तेही तिच्यामुळे. काथारिना सत्तरीच्या घरात होती. स्वभावाने तिखट, जिभेने सैल, पुष्कळांशी भांडलेली. तिने खटला मिटावा म्हणून अंमलदारास रुप्याचा पेला देऊ केला, ते तर तिच्यावरच उलटले. त्या अंमलदाराने आजूबाजूच्या कित्येक बायांस चेटकाच्या आरोपावरून आधीच देहान्त शिक्षा करविली होती. आणि हे सर्व आमच्यासारख्याच प्रॉटेस्टंट लोकांच्या राज्यात चालले होते, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही.

७ ऑगस्ट १६२० च्या रात्री, ती आपल्या मुलीच्या घरी निजली असता, शिपायांनी तिला पकडिले व कपड्यांच्या पेटीत घालून गुपचूप बाहेर नेले. मुलीचा नवरा पाळक होता. तो व काथारिनाचा धाकटा मुलगा दोघेही आपल्या अब्रूस भिऊन मागे सरले. मुलगी मात्र मागे सरली नाही. तिने लिंझला भावास पत्र लिहिले. केप्लर त्या वेळी ४८ वर्षांचा, सगळ्या युरोपात नाव झालेला, बादशहाचा गणिती. चेटकिणीचा मुलगा म्हणून तोही संशयात सापडण्यासारखा होता. त्याने आपले ग्रंथ व बिऱ्हाड आवरिले, आणि तो वुर्टेंबर्गला आला. आई साखळीने जखडलेली होती. तिच्यावर दोन पहारेकरी होते, व त्यांचा खर्च तिच्याच पैशांतून चालला होता.

खटला वर्षभर चालला. केप्लरने मंगळाचे काम ज्या रीतीने केले त्याच रीतीने हेही केले. प्रत्येक साक्षीदाराचे म्हणणे घेतले, आधी काय सांगितले व मागून काय सांगितले हे ताडून पाहिले, तारखा लाविल्या, आणि न जुळेल ते दाखविले. शाळामास्तर लंगडा झाला तो ओझे घेऊन खंदकावरून उडी मारिल्यामुळे. मुलीचा हात दुखला तो विटा वाहून. पहिल्या बाईचे दुखणे जुने असून तिने घेतलेल्या औषधांनी वाढलेले. आरोपींत एक मुद्दा असाही होता की, धमकाविले तरी ही म्हातारी रडत नाही. सुमारे १२८ पानांचे उत्तर तयार झाले, त्याचा काही भाग त्याच्या स्वतःच्या अक्षराचा आहे. कैदी आपल्या गणिती मुलास बरोबर घेऊन आली, ही गोष्ट न्यायसभेच्या कारकुनाने खेदपूर्वक नोंदविली, इतका त्याचा त्यांस त्रास झाला.

शेवटी निकाल असा आला की, तिला यातनांची हत्यारे दाखवून भय घालावे, पण हात लावू नये. २८ सप्टेंबर १६२१ रोजी तिला त्या खोलीत नेले. मारेकऱ्याने एकेक हत्यार पुढे करून त्याचा उपयोग सांगितला. म्हातारी डगमगली नाही. माझ्या अंगातील एकेक शीर ओढून काढिली तरी कबूल करण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, अशा अर्थाचे सांगून ती गुडघे टेकून प्रार्थना करू लागली. चौदा महिन्यांच्या कैदेनंतर ऑक्टोबरात तिची सुटका झाली. लिओनबर्गला परत येशील तर जीव घेऊ अशा तेथल्या लोकांच्या धमक्या होत्या. पुढच्या एप्रिलात ती वारली.

ह्या संकटात आपलाही दोष आहे अशी टोचणी केप्लरास होती. त्याने पूर्वी एक काल्पनिक गोष्ट लिहिली होती. तीत एका मुलाची आई झाडपाला विकणारी असून ती एका भुतास बोलाविते, व ते चंद्रावरील हकिगत सांगते. गोष्टीच्या हस्तलिखित प्रती बाहेर पडल्या होत्या, आणि त्यांवरूनच आईविषयी लोकांच्या तोंडी बोलणे आले असावे असे त्यास वाटे. खरोखर तसे झाले की नाही, ह्याविषयी अभ्यासकांस संशय आहे. त्या गोष्टीत मात्र आकाशाचे ज्ञान भरले आहे. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांएवढा व रात्रही तेवढीच. तेथून पृथ्वी आपल्या चंद्राच्या जवळजवळ चौपट रुंद दिसते, आणि आकाशात एकाच जागी टांगल्यासारखी राहून चंद्राप्रमाणेच वाढते व घटते. १९६९ मध्ये मनुष्य चंद्रावर उतरला तेव्हा त्याने खरोखर अशीच पृथ्वी डोक्यावर पाहिली.

खटला चालू असतानाच्या वर्षांतच, मे १६१८ मध्ये, त्यास तिसरा नियम सापडला. त्याच वर्षी त्याची एक लहान मुलगी वारली होती, आणि त्याच मे महिन्यात प्राग येथे तीस वर्षे चाललेल्या त्या भयंकर युद्धास तोंड लागले. नियम असा : ग्रहाच्या फेरीची वर्षे त्याच संख्येने एकदा गुणावी, व सूर्यापासून त्याचे अंतर त्याच संख्येने दोनदा गुणावे, दोन्ही गुणाकार सारखे येतात. पृथ्वीचे अंतर १ धरिले तर गुरूचे ५·२ आहे, व त्याची फेरी ११·८६ वर्षांची. पाटीवर गुणून पाहा. दोन्हीकडे सुमारे १४०·६ येतात. असे का, हे न्यूटनने १६८७ साली सांगितले, परंतु त्यास आधार मिळाला तो केप्लरचा.

टायकोच्या मापांवरून केलेली ग्रहांची कोष्टके १६२७ मध्ये उल्म येथे छापून झाली. त्याआधी लिंझला वेढा पडून छापखाना जळाला होता, व केप्लरास पुन्हा गाव सोडावे लागले होते. सरकारकडे त्याचा पगार वर्षानुवर्षे तुंबला होता. तो मागावयास १६३० च्या हिवाळ्यात तो घोड्यावरून रेगेन्सबुर्गला गेला, तेथे ताप भरला, व १५ नोव्हेंबर रोजी वारला. गावाच्या तटाबाहेरील प्रॉटेस्टंट दफनभूमीत त्यास पुरिले. थोड्याच वर्षांत लढाईत ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली, आणि त्याच्या थडग्याची जागा राहिली नाही.

मरण्यापूर्वी त्याने एक पत्रक छापून ज्योतिष्यांस कळविले होते की, ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध हा ग्रह सूर्यबिंबावरून जाताना दिसेल. असे पूर्वी कोणीही भाकीत करून पाहिले नव्हते. त्या दिवशी पॅरिस शहरात गासेंडी नावाचा रोमन कॅथलिक पाळक एक खोली अंधारी करून दुर्बिणीने सूर्याची छाया कागदावर पाडून बसला होता. कागदावर एक बारीक काळा ठिपका दिसला. तो इतका लहान होता की, प्रथम गासेंडीस तो सूर्यावरील डाग वाटला. पण ठिपका हळूहळू सरकू लागला.